आकडा नको, रेघ दाखवा

मे महिना लागला की माझ्या मोबाइलवर दिवसाआड एक तरी फोटो येऊन पडतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा, तिरका काढलेला, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय असा. त्यात आकड्यांची लांबलचक यादी आणि खाली एकच प्रश्न : "सीपीयू ७१ दाखवतोय. जास्त आहे का?"

सीपीयू म्हणजे प्रोसेसर आणि ७१ म्हणजे त्याचं तापमान, अंश सेल्सियसमध्ये. मी मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' असं आहे. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट चालू असताना ७१ असेल तर मी निवांत चहा पिईन, आणि नुसतं एक पत्र टाइप करताना ७१ असेल तर स्क्रूड्रायव्हर घेऊन निघेन. किनाऱ्यावरून कुणी फोन करून म्हणालं, 'पाणी गुडघ्याएवढं आहे', तर भरती लागलीय की ओहोटी हे इथे बसून कसं सांगणार? थोडा वेळ थांबून पाणी चढतंय की उतरतंय ते बघायला हवं.

कॉम्प्युटरच्या बाबतीत हे थांबून बघण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा लिब्रे हार्डवेअर मॉनिटर, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. घरच्या वापराला ही सगळी फुकट आहेत. हव्या त्या सेन्सरचा आलेख उघडायचा, की आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर आकडा आणि मधून सरकत जाणारी रेघ. इथपर्यंत शाळकरी पोरालाही जमतं. भानगड पुढची आहे : त्या रेघेवर विश्वास किती ठेवायचा? त्यासाठी आकडा कुठून येतो ते आधी बघू.

प्रोसेसरचं तापमान प्रोसेसर स्वतःच मोजतो. त्याच्या सिलिकॉनमध्येच सेन्सर कोरलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये गंमत अशी, की हा सेन्सर 'मी ७१ अंशांवर आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'माझ्या मर्यादेला अजून २९ अंश बाकी आहेत.' ही मर्यादा बऱ्याच मॉडेलांत १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. सॉफ्टवेअर १०० मधून २९ वजा करतं आणि ७१ छापतं. सेन्सरचं खरं काम प्रोसेसरला जळू न देणं हे असल्यामुळे तो मर्यादेजवळ नीट बोलतो, पण थंड असताना थोडं मोघम. हिवाळ्यात पहाटे मशीन चालू केल्यावर प्रोसेसर खोलीपेक्षाही गार दिसला तर हुरळून जाऊ नका. नुसता पंखा लावून कुठलीही कोरडी वस्तू खोलीच्या हवेपेक्षा गार होत नाही.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीने तर आणखी मजा केली होती. रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्याच्या नियंत्रणासाठी जो आकडा पाठवायचे, तो खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त असायचा. ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नव्हतं, त्याच्या आलेखावर बिचारा प्रोसेसर सदा तापलेला.

मदरबोर्डावरचे बाकीचे आकडे एका वेगळ्याच लहानशा चिपकडून येतात. तिला सुपर आयओ म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची असते. पंख्याची गती, व्होल्टेज, बोर्डावरची एकदोन तापमानं हा तिचा संसार. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके पाठवतो. चिप ते मोजते आणि त्यावरून मिनिटाला १,२०० फेरे वगैरे आकडा निघतो. हे सरळ आहे. व्होल्टेजचं मात्र जरा सावकाश सांगतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

या चिपला साधारण २ व्होल्टपर्यंतच मोजता येतं. मग पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट कसे मोजायचे? रेझिस्टरांची जोडी लावून त्यांचा बाराव्या हिश्शासारखा छोटा तुकडा चिपला द्यायचा, आणि आलेल्या आकड्याला सॉफ्टवेअरने पुन्हा १२ने गुणायचं. हा हिस्सा किती ठेवायचा ते प्रत्येक मदरबोर्ड बनवणारा स्वतःच्या मर्जीने ठरवतो. सॉफ्टवेअरला तो ठाऊक नसेल तर १२ व्होल्टच्या जागी भलताच आकडा दिसतो आणि लोक नवीन पॉवर सप्लाय आणायला कणकवली गाठतात.

दुसरी गोष्ट पायरीची. अशा अनेक चिपांमध्ये मोजणीची सगळ्यात लहान पायरी ८ मिलिव्होल्टची असते. तिला १२ने गुणलं की ९६ मिलिव्होल्ट. म्हणजे १२ व्होल्टची रेघ पाण्यासारखी वाहत नाही, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांसारखी एकदम चढते नि एकदम उतरते : १२.०००, १२.०९६, १२.१९२. मधला १२.०५ कधी दिसणारच नाही. दशांशचिन्हापुढे तीन आकडे बघून माणसाला वाटतं केवढी बारीक मोजणी! प्रत्यक्षात ते फक्त गुणाकाराचं शेपूट.

यादीत एखादा १२७ अंश किंवा उणे आकडा दिसला तर तो बहुधा रिकाम्या पिनेचा आवाज. चिपला सेन्सर जोडायची जागा आहे, पण कंपनीने तिथे काही जोडलंच नाही. 'ऑक्सटिन' नावाची एक ओळ तर या बाबतीत बदनाम आहे. ती यादीतून लपवून टाकावी. तसंच दोन मॉनिटरिंग सॉफ्टवेअरं एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघं एकाच चिपला एकदम प्रश्न विचारतात, उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि आलेखावर मध्येच एखादा वेडा सुळका उभा राहतो. पंखा एका क्षणी शून्य आणि पुढच्या क्षणी १,२००, असं जडशीळ पातं कधी वागत नाही. तो सुळका मोजणीतला.

हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड आपापलं तापमान स्वतः सांगतात, त्यात फार गोम नाही.

आता रेघ. सॉफ्टवेअर सतत बघत बसत नाही, ठरावीक वेळाने डोकावतं. एचडब्ल्यूइन्फो मुळात दर २ सेकंदांनी डोकावतं. दोन डोकावण्यांच्या मध्ये जे झालं ते त्याला ठाऊकच नसतं. समजा मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी नेमका दर १२ तास २५ मिनिटांनी किनाऱ्यावर जातो. आपल्याकडे दोन भरत्यांमधलं अंतरही साधारण तेवढंच. तो परत जाऊन शपथेवर सांगेल की मालवणचा समुद्र जागचा हलत नाही, फार तर उधाणाला जरा वर आणि भांगाला जरा खाली. माणूस खोटं बोलत नाही, त्याची फेरीच चुकीच्या वेळाची. प्रोसेसरचा तुकडा नखाएवढा, त्याचं तापमान एका सेकंदात १५-२० अंश उडी मारू शकतं. त्याला दर मिनिटाला डोकावून बघणं म्हणजे हीच चाकरमान्याची फेरी. उलट हार्ड डिस्क हा जड धातूचा ठोकळा, सावकाश तापतो, तिला मिनिटाला एकदा बघितलं तरी चालतं. आणि उत्साहाच्या भरात सेकंदाला दहा वेळा डोकावायलाही जाऊ नका. मोजणं हेही काम आहे, निवांत पडलेला प्रोसेसर तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा उठून बसतो.

सरासरीचा सापळा याच्याहून वाईट. महिनोन् महिने नोंद ठेवणारी सॉफ्टवेअरं जागा वाचवायला जुन्या नोंदी कुटून एक करतात. आरआरडीटूल नावाचं साधन १९९९ पासून हेच करत आलंय : फाइल कधी वाढत नाही, जुनं जाड होत जातं. पाच मिनिटांची सरासरी घेतली आणि त्यात १० सेकंद १२.१ चे ११.३ झाले असतील, तर आलेखावर १२.०७ दिसेल. ०.८ व्होल्टचा खड्डा, उरला ०.०३. म्हणून सरासरीबरोबर त्या काळातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही ठेवायला सांगावं. ती सोय बहुतेक ठिकाणी असते, कुणी वापरत नाही एवढंच.

सपाट रेघही फसवते. तापमान चढत चढत एका उंचीला गेलं आणि तिथे पट्टी मारल्यासारखं सरळ झालं, की लोक सुटकेचा श्वास टाकतात. ती पट्टी ६८वर असेल तर ठीक. ९९-१००वर असेल तर प्रोसेसरने स्वतःच वेग आवळून धरलाय. तापमानाखाली प्रोसेसरच्या वेगाची (क्लॉक स्पीडची) रेघ काढून बघा, ती ३.६ गिगाहर्ट्झवरून घसरत निघालेली दिसेल. एकटी रेघ अर्धीच गोष्ट सांगते, हे मला स्वतःला उशिराच कळलं.

किनाऱ्याजवळच्या एका फोटो स्टुडिओतला किस्सा सांगतो. वैशाखातली लग्नसराई, आणि कॉम्प्युटर दुपारी धाडकन बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही, थेट काळोख. स्टुडिओवाल्या काकांचं निदान तयार होतं : "दुपारचो बंद पडता रे, उन्हान तापता असतलो." त्यावर इलाजही त्यांनी दोन वर्षांपूर्वीच करून ठेवला होता. कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवलेली, शेजारी टेबल फॅन, आणि टेबल फॅनच्या मागे समुद्राकडची खिडकी. आधी कुणीतरी प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पेस्टही बदलून गेलं होतं.

मी काही उघडलं नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंद चालू केली आणि ती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्यात, डिस्कवर लिहायला लावली. हे महत्त्वाचं. स्क्रीनवरचा आलेख मशीन बंद पडताच मशीनबरोबर जातो, आणि आपल्याला नेमके शेवटचे क्षण हवे असतात. काकांना म्हटलं, "रोजचं काम करा, मी संध्याकाळी येतो."

संध्याकाळी फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडली. प्रोसेसरचं तापमान, ग्राफिक्स कार्डाचं तापमान, पंखा आणि १२ व्होल्ट असे चार स्तंभ ठेवले, बाकी दोनशेच्या दोनशे लपवले. पहिल्या झटक्यात चारही एकाच आलेखात टाकले, तर पंख्याचे १,२०० आकाशात आणि व्होल्टेजची रेघ तळाला चिकटलेली, मेलेल्या माणसासारखी सपाट. वेगवेगळ्या मापाच्या गोष्टी एका अक्षावर बांधल्या की असंच होतं. मग तीन आलेख एकाखाली एक मांडले, वेळेचा अक्ष तेवढा समान ठेवला. खरी गोम तिथे सापडली.

दुपारी २ वाजून ११ मिनिटांपर्यंत १२ व्होल्टची रेघ १२.०९६ आणि १२.००० यांच्यात झुलत होती. मग ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं. ११.७१२. ११.६१६. ११.५२०. काही मिनिटं तिथेच रेंगाळली, मग ११.४२४. त्यापुढे फाइलमध्ये ओळ नाही. आणि वरच्या आलेखात प्रोसेसर ६६ अंशांवर, ग्राफिक्स कार्ड ७०च्या आत. तापाचा संशय तिथेच मिटला.

मग दुपारीच का? काकांना विचारलं. सकाळी पासपोर्ट फोटोंची गर्दी. दीड-दोनला गिऱ्हाईक ओसरलं की ते लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावतात आणि जेवायला घरी जातात. कॉम्प्युटर दुपारी बंद पडत नव्हता, एक्स्पोर्टला बंद पडत होता. ऊन फुकटचं बदनाम झालं होतं.

पॉवर सप्लायच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. शेवटची नोंद काठावरची होती. नोंदी दोन सेकंदांच्या अंतराने, तेव्हा खरा खड्डा मधल्या फटीत पडला असणार. पण सॉफ्टवेअरच्या व्होल्टेजवर मी पॉवर सप्लाय बदलत नाही. वर सांगितलेले रेझिस्टर, पायऱ्या, सगळं मधे येतं. मल्टिमीटर काढला. एक्स्पोर्ट चालू ठेवून पॉवर सप्लायच्या एका मोकळ्या प्लगवर मोजलं, तर १२.०५. मदरबोर्डावरच्या मोकळ्या फॅन-पिनांवर मोजलं, तर ११.४. एकच १२ व्होल्टची लाइन, आणि वाटेत साधारण ०.६५ व्होल्ट गायब. वाटेत काय होतं? मदरबोर्डाला वीज देणारा २४ पिनांचा मोठा प्लग.

मशीन बंद करून तो ओढून काढला. २४ पिनांपैकी १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा दोनच. त्या दोन्हींच्या पिनांवर हिरवट पापुद्रा, आणि एकीभोवतीचं पांढरं प्लास्टिक कडेने तपकिरी झालेलं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी ठेवली की कळकते, तोच प्रकार. दोन वर्षं टेबल फॅनने समुद्राचा खारा, दमट वारा उघड्या कॅबिनेटमध्ये ढकलला होता. काकांना वाटत होतं, मशीनला हवा लागतेय. हवेबरोबर मीठही लागत होतं.

हिशोब छोटा आहे. त्या ग्राफिक्स कार्डाला वेगळी वायर नव्हती. असं कार्ड सगळी वीज स्लॉटमधून घेतं, आणि स्लॉटमधून १२ व्होल्टवर जास्तीत जास्त साडेपाच अँपिअर देता येतात. ते सगळे त्या दोन हिरव्या पिनांतून. ०.६५ गुणिले ५.५, म्हणजे साडेतीन वॅट. साडेतीन वॅटचा एलईडी दिवा आपण देवघरात लावतो, पण एवढी उष्णता भाताच्या शितांएवढ्या दोन पिनांत कोंडली की प्लास्टिक भाजतं. भाजलं की पकड सैल, सैल झाली की अडथळा वाढतो, वाढला की आणखी तापतं. आणि या जागी सेन्सर नाही. प्लगचं तापमान कुणी मोजत नाही, हवेतलं मीठ मोजणारा सेन्सर तर मी पाहिलेल्या एकाही मदरबोर्डावर नाही. जे मोजलंच जात नाही त्याची सावली दुसऱ्याच रेघेवर पडते, इथे ती व्होल्टेजवर पडली.

पॉवर सप्लाय बदलला, बोर्डाच्या बाजूच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ केल्या, झडप बसवली, कॅबिनेट खिडकीपासून आतल्या भिंतीला नेलं. झडप लावल्यावर तापमान ४ अंशांनी वाढलं आणि काकांचा चेहरा पडला. मी एक साधा थर्मामीटर टेबलावर ठेवून दिला. प्रोसेसर किती हे बघण्यापेक्षा तो खोलीपेक्षा किती वर आहे ते बघावं. पंखा तोच, काम तेच, तर हे अंतर जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी जवळपास सारखं येतं. खोली १० अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण १०ने चढणार, त्यात काही बिघडलेलं नाही. हेच अंतर महिन्यामहिन्याला वाढत गेलं, तर हीटसिंकमध्ये, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांत, लाल धूळ दमट हवेने थापली गेलीय असं समजावं. आमच्याकडे ती फुंकून निघत नाही, टोकरावी लागते.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोटो आला. आता त्यांना आलेख काढता येत होता. स्क्रीनवर १२ व्होल्टची रेघ अशी, की एका बाजूला आंबोलीचा घाट आणि दुसऱ्या बाजूला फोंड्याचा. खाली मजकूर : "परत सुरू झाला!!"

फोन केला. म्हटलं, "काका, डाव्या बाजूचे आकडे वाचा."

"खाली बारा. वर बारा पॉइंट एक."

सॉफ्टवेअरने उभा अक्ष आपोआप ताणला होता. १२.००० आणि १२.०९६, एकाच पायरीची चढउतार, पण तीच सगळ्या स्क्रीनभर पसरवलेली. त्यांना अक्ष हाताने ११.४ ते १२.६ वर बांधायला सांगितला. पलीकडे बराच वेळ माउसची टिकटिक.

"आता?"

"आता वाळूत काठी ओढल्यासारखी सरळ. एक्स्पोर्ट चालू आसा, आणि मी जेवक चललंय."